ओनरला विचारून सांगतो

बाबूने हॉलच्या भिंतीवर पेन्सिलने फुली मारली, ड्रिल मशीनचं टोक फुलीवर टेकवलं आणि मागे न वळता विचारलं, "हितंच मारू न्हवं, साहेब?" संघपाल मोरे तेव्हा मोबाइलवर कॉलेजच्या ग्रुपमधला कसलासा मेसेज वाचत होता. मान वर न करता तो अगदी सहज म्हणाला, "थांब हं. ओनरला विचारून सांगतो." बाबूने मशीन खाली घेतलं. खोलीत दुसरं कुणी आहे का, असं त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि एकदम कानडीत सुटला, "ओनर नीवऽ अल्लेन री?" मग कानडी पुरेशी पडली नाही असं वाटून मराठीत, "तुमीच की वो ओनर!" स्वयंपाकघरातून बायकोचं, दीक्षाचं हसू ऐकू आलं. "विचारा की मग," ती आतूनच म्हणाली, "नंबर आहे का ओनरचा?" संघपालही हसला. कुठे हसायचं हे त्याला चांगलं कळायचं. 

हुबळी-धारवाडच्या मधल्या रायापूरच्या या फ्लॅटमध्ये येऊन त्यांना आठवडा झाला होता. कागदावर दोघांची नावं होती, दारावर पाटी लागायची होती. या आठवड्यात खिशात किल्ली असताना त्याने स्वतःच्याच दाराची बेल वाजवली होती. रात्री नळ सोडताना तो धार बारीक करत होता, खालच्यांना त्रास नको म्हणून. खाली पार्किंग होतं. गंमत म्हणून सांगण्यासारख्या या गोष्टी. पण 'ओनरला विचारून सांगतो' ही गंमत नव्हती. ती जिभेवर बसलेली होती, आणि जिभेवर किती काय बसलेलं असतं ते माणसाला स्वतःचं घर घेतल्यावरच कळतं, असं त्याला वाटलं. लहानपणी त्याला ओनर हे काका-मामासारखं एखादं नातं वाटायचं. ओनर आले, ओनर झोपलेत, ओनरना आवडत नाही. त्या माणसाला दुसरं नाव असेल हे त्याच्या लक्षातही यायचं नाही. आणि सगळ्यांच्याच घरी आई, अप्पा, आणि वर एक ओनर अशी मांडणी असणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं.

पहिलं घर जुन्या हुबळीतल्या एका बोळात होतं. अप्पा, म्हणजे आप्पासाहेब मोरे, गोकुळ रोडवर पंपाचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात लेथवर होते. लोखंडाचं काम करणारा माणूस. नव्या घरात पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी पिशवीतून हातोडी काढली आणि समोरच्या भिंतीवर, दारातून दिसेल अशा ठिकाणी, एक खिळा मारला. त्यावर बाबासाहेबांचा फोटो लावला. कोपऱ्यात बुद्धाचं छोटं चित्र असलेला, निळ्या काठाचा फोटो. संघपालला त्या खिळ्याचा आवाज आठवायचा, किंवा आठवतो असं वाटायचं. तो तेव्हा फार लहान होता. ओनर संध्याकाळी भाडेकरू नीट लागलेत का बघायला आला, दारात उभा राहिला, भिंतीकडे बघत राहिला आणि चहा न घेताच गेला. काही दिवसांनी येऊन म्हणाला, बहिणीचा मुलगा शिकायला येतोय, खोल्या लागतील. अप्पांनी विचारलं, आमचं काही चुकलं काय? तेव्हा तो भला माणूस जरा अडखळला आणि म्हणाला, भिंतीला खिळा मारलात ना तुम्ही, नव्या रंगाची भिंत. बहिणीचा मुलगा कधीच आला नाही. खोल्यांना कुलूप राहिलं, हे आई जाता-येता बघायची. पण सबब तेवढी घरात राहून गेली. अप्पांनी ती घेतली, जपून ठेवली. खिळा मारला म्हणून घर गेलं. असं म्हटलं की ओनरचीही अब्रू राहत होती आणि आपलीही. त्यानंतर मोऱ्यांच्या घरात कुठल्याही भिंतीला खिळा लागला नाही. संघपालला कळायला लागेपर्यंत तो ते खरंच धरून चालला होता की खिळे वाईट असतात, भिंती फुटतात, आणि फुटक्या भिंतीची शिक्षा म्हणून माणसांना टेम्पोत बसावं लागतं. कळायला लागल्यावर तर त्याला आणखी वाईट वाटलं. खोटं कारण इतक्या प्रामाणिकपणे पाळणारा आपला बाप त्याला डोळ्यांसमोर दिसायचा आणि रागही धड कुणावर काढता यायचा नाही.

मग विद्यानगरचं घर. बाळाचार्य म्हणून निवृत्त मास्तर होते, वरच्या मजल्यावर राहायचे, खाली दोन खोल्या भाड्याने. पहिल्याच दिवशी त्यांनी बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केलं आणि प्रेमाने म्हणाले, "गोडीगे मोळी होडीब्याडरी." भिंतीला खिळे मारू नका. अप्पा म्हणाले, "न्हाई मारत, सर. आमाला सवय न्हाई." बाळाचार्यांना खरोखर भिंतीचीच काळजी होती की त्यांच्या मनातही दुसरं काही होतं, हे कधीच कळलं नाही. विचारून बघण्याची कुणाची टाप नव्हती. ते दसऱ्याआधी स्वतः ब्रश घेऊन चुना द्यायचे, तेव्हा भिंतच असेल. तर त्या घरात मोऱ्यांच्या सगळ्या वस्तू जमिनीवर होत्या. घड्याळ तांदळाच्या डब्यावर. आरसा खिडकीत. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने. कपड्यांसाठी अप्पांनी कारखान्यातल्या भंगारातून लोखंडी घोडा करून आणला, तीन पायांचा, कुठे न टेकता उभा राहणारा. येणारे-जाणारे म्हणायचे, काय डोकं आहे तुमचं! अप्पा खूश व्हायचे. आणि फोटो कपाटात गेला. कपाटाच्या दाराच्या आतल्या अंगाला अप्पांनी तो गव्हाच्या खळीने चिकटवला. सकाळी अंघोळ झाली की आई कपाट उघडायची, खाली फरशीवर मेणबत्ती लावायची, दोघं हात जोडून अगदी हळू आवाजात त्रिशरण म्हणायची, मग मेणबत्ती विझवून कपाट बंद, किल्ली कमरेला. संघपालला वाटायचं, मौल्यवान म्हणून कपाटात. आईचं मंगळसूत्र, शाळेचे दाखले आणि बाबासाहेब. त्यात चुकीचं काही नव्हतं म्हणा.

एका संक्रांतीला बाळाचार्यांच्या पत्नी, सीताबाई, तिळगूळ घेऊन न सांगता खाली आल्या. दार उघडंच होतं. आई कपाटासमोर उभी होती. तिने वळून पाहिलं आणि पाठीनेच कपाटाचं दार ढकललं, आणि त्यात तिचा स्वतःचा हात होता. संघपालने ते पाहिलं. दार पूर्ण लागलं नाही, कारण मध्ये बोटं होती, म्हणून तिने आणखी जोर दिला. आणि तशीच उभी राहून, हसून, दुसरा हात पुढे करून ती म्हणाली, "बर्री अक्का, बर्री." या अक्का, या. सीताबाई बसल्या, मुलाच्या अभ्यासाची चौकशी केली, खूप चांगल्या होत्या त्या. जाईपर्यंत आई कपाटाला पाठ लावून उभी होती. नंतर दोन बोटांची नखं काळी पडली आणि गळून गेली. आईने कुणालाच काही सांगितलं नाही. अप्पांना म्हणाली, वरवंटा पडला. संघपाललाही तिने काही सांगितलं नाही, गप्प राहा असंसुद्धा नाही. आणि तो गप्प राहिला. आजही तो नोकरी करतो त्या कॉलेजच्या लायब्ररीतलं एखादं कपाट जोरात बंद झालं की तो आधी बोटं बघतो, कुणाची का असेनात.

ते घर सोडलं तेव्हा बाळाचार्यांनी भिंती पाहिल्या, चारही बाजूंनी, आणि अप्पांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, असे भाडेकरू मिळत नाहीत हो, इथे कुणी राहिलं होतं असं वाटतच नाही. अप्पांनी ते वाक्य पुढे कितीतरी वर्षं लोकांना अभिमानाने सांगितलं. टेम्पोत बसताना संघपालने मागे वळून उघड्या दारातून आत पाहिलं होतं. मित्रांनी घरं सोडली की मागे खिळ्यांची भोकं राहायची, फोटोंच्या जागी चौकोन राहायचे, उंची मोजल्याच्या रेघा राहायच्या. त्यांच्या खोलीत काहीच नव्हतं. तो तिथे वाढला होता, आजारी पडला होता, दहावी पास झाला होता, आणि भिंतीला त्याचा पत्ताच नव्हता. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा अप्पांचा राग आला. पुढे नोकरीही त्याला अशी लागली की आयुष्यभर दुसऱ्याच्या वस्तू सांभाळायच्या. हजारो पुस्तकं हातातून गेली, प्रत्येकावर कॉलेजचा शिक्का, ठरलेल्या पानावर, आणि तो शिक्का त्याच्याइतका सरळ दुसरं कुणी मारत नसे. अप्पा शेवटी भाड्याच्याच घरात गेले. त्यांचा हार घातलेला फोटो फ्रिजवर टेकवून ठेवलेला असायचा, फ्रिजचं दार आपटलं की घसरायचा. कुणीतरी उठून पुन्हा सरळ करायचं.

"साहेब," बाबू म्हणाला, "बारापतोर मला विद्यानगरात पोचायचंय. वॉर्डरोबचं काम हाय. मारायचं की न्हाई?" तो चांगला माणूस होता, अळणावरकडचा, तोंडात पान आणि कानावर पेन्सिल. सकाळपासून त्याने पडद्यांचे दांडे बसवले होते, आरसा बसवला होता, आणि प्रत्येक वेळी दीक्षा येऊन बोटाने जागा दाखवत होती. एवढी एकच जागा तिने संघपालवर सोडली होती. नवा फोटो सोफ्याला टेकून उभा होता, अजून वर्तमानपत्रात गुंडाळलेला. बेळगावहून आणलेली मोठी फ्रेम, बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी. "दार उघडलं की समोर दिसायला पाहिजे," असं दीक्षाने गेल्या महिन्यातच ठरवून टाकलं होतं. तिचं बरोबर होतं. ती बेळगावात आपल्याच लोकांच्या वस्तीत वाढली होती, गल्लीच्या तोंडाला पुतळा, घराघराच्या दर्शनी भिंतीवर फोटो, चौदा एप्रिलला रस्ता बंद. तिला कपाट माहीत नव्हतं. लग्न होऊन आल्यावर तिने एकदा कपाट उघडून आतला फोटो पाहिला आणि नवऱ्याला विचारलं होतं, इथं का? त्याने सांगितलं, ओनरला खिळे चालत नाहीत. अप्पांची सबब त्याच्याही तोंडात तशीच्या तशी आली होती.

अडचण समोरच्या दाराची होती. समोरच्या फ्लॅटमध्ये हेमावती अक्का राहायच्या, एकट्या, मुलगा बेंगळूरला. त्यांचं दार दिवसभर उघडं. सामान चढत असतानाच त्या होळग्यांचा, म्हणजे पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आल्या होत्या, आईचा हात धरून कानडीत बोलत बसल्या होत्या, आणि जाताना संघपालला विचारलं होतं, सत्यनारायण यावाग री? पूजा कधी? तो म्हणाला होता, "माडोदु री, माडोदु." करायची, करायची. एवढं सोपं. मोरे म्हटल्यावर त्यांनी स्वतःच काहीतरी धरून घेतलं होतं आणि त्याने ते मोडलं नव्हतं. त्याला त्या बाई आवडल्या होत्या, हीच पंचाईत होती. नावडत्या माणसासमोर फोटो लावायला काय लागतं? त्याच्या डोळ्यांसमोर त्यांचं उघडं दार होतं, आणि एक दिवस ते लोटलेलं असेल, नुसतं लोटलेलं, काही न बोलता. इथून तर त्याला कुणी काढू शकत नव्हतं. पण काढता येत नाही म्हणजे काय, इथेच राहावं लागणार. लोटलेल्या दारासमोर रोज चप्पल घालावी लागणार. भाड्याच्या घरात निदान टेम्पो बोलावता यायचा. घर आपलं झालं आणि पळायची वाट बंद झाली, हे त्याला आत्ता, हॉलच्या मधोमध उभं असताना कळलं, आणि तो घाबरला. सरळ शब्दांत सांगायचं तर घाबरलाच.

"आईच्या खोलीत लावू या का?" तो म्हणाला. "तिला वंदनेला सोयीचं. इथं ऊन येतं, फोटोचा रंग उडेल." दीक्षा हात पुसत बाहेर आली. तिने खिडकीकडे पाहिलं, खिडकी उत्तरेला होती. मग ती म्हणाली, "त्यापेक्षा कपाटातच लावा की. जागा आहे अजून एका दारावर." बोलल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं असावं; तिने वर्तमानपत्राचा सुटलेला कोपरा पुन्हा नीट दुमडला. बाबू दोघांकडे बघून भिंतीकडे बघायला लागला. "मार," संघपाल शेवटी म्हणाला, पण अशा आवाजात की बाबूने खात्री म्हणून पुन्हा वळून पाहिलं, मग बटण दाबलं. मशीन घरघरलं आणि लगेच बंद पडलं. वरचा पंखाही थांबत आला. करंट गेला होता.

संघपालला इतकं हलकं वाटलं की त्याला स्वतःची लाज वाटली. "आता कधी येतोय काय की," बाबू म्हणाला, "मी खाली च्या घिऊन येतो. न्हाई आला तर आयतवारी येतो परत." पिशवी तिथेच ठेवून तो जिना उतरला. उकडायला लागलं म्हणून दीक्षाने बाहेरचं दार सताड उघडलं. समोर हेमावती अक्कांच्या दारात उजेड नव्हता, पण दार उघडंच होतं, आत कुठेतरी भांडं घासल्याचा आवाज येत होता. पुढचा रविवार, संघपालने मनात म्हटलं. आठवडाभरात काहीतरी सुचेल.

तेव्हा आई बाहेर आली. नागुबाईंना गुडघ्यांमुळे भिंतीला हात लावत चालावं लागायचं, आणि या घरातही त्या भिंतीला तळवा लागू न देता नुसती बोटांची टोकं टेकवत यायच्या. आठवडाभर फोटोच्या चर्चेत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. सकाळी आपलं कपाट उघडायचं, मेणबत्ती लावायची, बंद करायचं. त्यांनी आधी सोफ्याजवळचा फोटो पाहिला, मग फुली पाहिली, मग बाबूच्या पिशवीतून हातोडी आणि एक खिळा काढला, घरातल्या डब्यातून चमचा काढावा तितक्या सहज. "मिशन बंद पडलं तर पडू दे की," त्या म्हणाल्या. "आदी काय मिशन होतं व्हय?" फुलीपर्यंत त्यांचा हात जेमतेम पोचत होता, तिथे हातोडी मारता आली नसती. त्यांनी फुलीच्या खाली, आपल्या खांद्याच्या उंचीवर खिळा टेकवला. "हितं. रोज हार मीच घालणार. स्टूल घिऊन चढू का मी?"

"आई, नको," संघपाल पुढे होऊन म्हणाला, "तिथं नको मारू. भिंत खराब होईल. नव्या रंगाची भिंत हाय."

नागुबाईंचा हात थांबला. त्यांनी वाद घातला नाही, कुणाची भिंत, कसली भिंत, काही विचारलं नाही. त्या नुसत्या हसल्या, आल्या-गेल्याला बरं वाटावं असं मोकळं, आणि म्हणाल्या, "बरं. ऱ्हाऊ दे." हातोडी त्यांनी आवाज न करता फरशीवर ठेवली. मग पदराचं टोक ओलं करून, उभ्या उभ्या हात ताणून, त्या वरची पेन्सिलची फुली पुसायला लागल्या. फुली नीट पुसली जात नव्हती. त्या मन लावून पुसत होत्या, भिंतीवर डाग राहू नये म्हणून. दीक्षा खाली बघत होती. संघपाल आपल्याच तोंडातून आत्ता बाहेर पडलेलं वाक्य ऐकत उभा होता. ते त्याचं नव्हतं. जुन्या हुबळीतला तो माणूस त्याला नीट आठवतही नव्हता, नाव नाही, चेहरा नाही. पण तो दारात जिथे उभा राहिला असेल तिथेच आपण उभे आहोत आणि समोर आपलीच माणसं आहेत, हे त्याला स्पष्ट दिसलं. त्याला रडू यायला लागलं. या वयाला, बायकोसमोर, काहीच कारण नसताना यावं तसं.

"आई, थांब. पुसू नको." त्याने हातोडी उचलून तिच्या हातात दिली. खिळा घेतला. तिच्या खांद्याच्या उंचीवर, तिने टेकवला होता तिथे, तो दोन बोटांत धरला आणि वाकून उभा राहिला. "मार."

"तुज्या बोटाला लागंल रे. माजी नजर आता न्हाई तशी."

"लागू दे. मार तू."

पहिला घाव तिरका बसला. दुसरा खिळ्यावर. रंगाचा पापुद्रा उडाला, मागून पांढरा गिलावा त्याच्या मनगटावर सांडला. तिसऱ्या घावाचा आवाज जिन्यात घुमला आणि समोरचं भांडं घासणं थांबलं.

"येन्री अदु सप्पळ?" हेमावती अक्कांनी आतूनच विचारलं. कसला आवाज तो?

संघपालच्या ओठांवर उत्तर तयार होतं, काही नाही म्हणणारं. पण नागुबाई आधी बोलल्या. मिरचीच्या गोदामात बायकांच्या रांगेत बसून शिकलेली त्यांची कानडी घरात सगळ्यांत चांगली होती, आणि आवाज तर त्याने आयुष्यात ऐकला नव्हता इतका मोठा. "फोटो हाकाकत्तीवरी अक्का! बर्री, नोडबर्री!" फोटो लावतोय, या, बघायला या.

दीक्षाने खाली बसून फोटोवरचं वर्तमानपत्र फाडायला सुरुवात केली. समोरच्या घरात नळ बंद झाला. मग चपला फरशीवर घासत दाराकडे येऊ लागल्या, हळूहळू, जाड अंगाच्या माणसाच्या. संघपालची पाठ दाराकडे होती. वळून बघावंसं त्याला फार वाटलं.

खिळा अजून हलत होता. त्याने तो सोडला नाही.

"मार, आई," तो म्हणाला.